सुभेदारांची डावी टाच

रहिमतपूरच्या एस.टी. स्टँडकडून बाजारपेठेत शिरलं की उजव्या हाताला, पिठाच्या गिरणीला टेकून, तात्याबाचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर चार पत्रे, खाली एक पाट आणि पाटावर तात्याबा. समोरून येणाऱ्या माणसाचं तोंड तो सगळ्यात शेवटी बघायचा. आधी पायताण, मग चाल, आणि मग कुठं मान वर करून रामराम. बायकोनं, भामाबाईनं, जेवायला हाक मारली तरी त्याची नजर आधी तिच्या चपलेकडे जायची. त्यावरून तिनं त्याला जन्मभर ऐकवलं, पण खोड गेली नाही.

नव्वद सालानंतर बाजारात चिकटवलेल्या तळाचे बूट आले. पहिल्याच पावसात त्यांचा तळ जबडा उघडायचा आणि माणसं ते घेऊन तात्याबाकडे यायची. "ह्याला टाका घालू कुठं? आत चामडंच न्हाई," म्हणून तो परत द्यायचा. त्याचा जीव होता तो एकाच जोडीवर, लालासाहेब सुभेदारांच्या मिलिटरीच्या बुटांवर. जाड चामडं, टाचेला लोखंडी नाल, आणि तळ कडेच्या पट्टीला शिवलेला. झिजला की उसवावा, नवा शिवावा, पुन्हा वर्षभर बघायला नको. सुभेदार दर आषाढात ते स्वतः घेऊन यायचे, कारण पंधरा ऑगस्टला हायस्कूलच्या पोरांची परेड त्यांच्या मागून निघायची. ताठ मान, पाठीला पोक नाही, आणि नालांचा ठोका असा की गिरणीवाला पट्टा थांबवून बाहेर यायचा.

आता त्या ठोक्याची खरी गोष्ट दोनच वस्तूंना ठाऊक होती असं तात्याबा समजत होता. एक तो स्वतः आणि दुसरी त्याची रापी, चामडं तासायची.

सुभेदार पलटणीतून पेन्शनीत आले तेव्हा डावा पाय लढाईत मोडून जुळलेला होता आणि जुळताना आखूड झाला होता. लंगडत यायचे, आणि कुणी विचारलं तर "मुंग्या आल्यात" म्हणायचे. पहिल्यांदा बूट हातात आले तेव्हा डाव्याचा चवडा झिजून कागद झालेला आणि टाच मात्र कोरी. हा माणूस टाच टेकतच नाही, हे तात्याबानं ओळखलं. आतला सुकतळा उचलून त्यानं गुपचूप टाचेखाली चामड्याचा एक तुकडा बसवला, थोडी टाच बाहेरून चढवली, उजवी थोडी तासली. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसू नये अशा बेतानं.

सुभेदारांनी दुकानासमोरच बूट चढवले, चार पावलं टाकली आणि गिरणीपुढच्या सगळ्या माणसांना सांगितलं, "बघा, झाला का न्हाई पाय सरळ? आरं, निम्मं दुखणं मनाचं असतंय." तात्याबा खाली मान घालून दोऱ्याला मेण लावत बसला. त्याला मनातून असं गुदगुल्या झाल्यासारखं झालं होतं की मान वर केली असती तर हसूच फुटलं असतं.

तेव्हापासून दर आषाढात तो जुना तुकडा काढून नवा घालायचा. झिजलेले दोन्ही तळ शेजारी धरून बघायचा आणि ते अगदी सारखे झिजलेले असायचे. नुसत्या नजरेनं बेतलेलं माप इतकं बिनचूक बसलं याचा त्याला फार अभिमान होता. सांगायला मात्र कुणी नव्हतं.

मग त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू आला. तो काढला, तर हात कापायला लागला आणि टाके घालायची आरी बोटात शिरायला लागली. थोरला सिद्धू सांगलीला एका कारखान्यात होता. त्यानं दोन खोल्या घेतल्या आणि आईबापांना बोलावणं धाडलं. भामाबाईनं भांडी बांधली. तात्याबानं सुभेदारांच्या बुटांना शेवटचा तळ शिवला आणि त्याची झोप उडाली.

पुढच्या वर्षी हे बूट साताऱ्याच्या कुठल्या तरी दुकानात जातील. तिथला माणूस सुकतळा उचलेल, "ही आत कसली घाण भरलीय?" म्हणेल आणि तुकडा काढून फेकून देईल. आणि मग पंधरा ऑगस्टला सगळ्या हायस्कूलसमोर सुभेदार लंगडतील. आपला पाय बरा झाला असं समजून छाती काढून चालणारा माणूस असा चारचौघांत तोंडघशी पडायचा! सांगावं तर आत्ताच त्यांचा पाणउतारा. न सांगावं तर तेव्हा.

"तुमीच करून ठेवलंय, आता तुमीच निस्तरा," रात्री त्यानं पहिल्यांदाच सगळं सांगितल्यावर भामाबाई म्हणाली.

सांगलीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. तात्याबा मनाचा हिय्या करून बूट घेऊन सुभेदारांच्या वस्तीकडे निघाला. हत्यारांची पिशवी खांद्याला होतीच, तिच्याशिवाय त्याला उघडं उघडं वाटे. इतक्या वर्षांत तो त्या घरी कधी गेला नव्हता. आपल्यासारख्यानं कुणाच्या दाराशी कुठवर जायचं हे त्याला लहानपणीच शिकवलं गेलं होतं, म्हणून तो अंगणातच उभा राहून खाकरला.

"कोण, तात्याबा? आरं वर ये की. तिथं काय पहाऱ्यावर हायस?" आतून आवाज आला.

तात्याबानं पायरीशी चपला काढल्या आणि ओसरीवर पाऊल टाकलं. सुभेदार हातात पाण्याचा तांब्या घेऊन आतून बाहेर आले. अनवाणी. डावा पाय टाकला की खांदा खाली जायचा, उजवा टाकला की वर यायचा. चांगलेच लंगडत आले आणि तांब्या पुढे धरला.

तात्याबा त्या पायांकडे बघतच राहिला.

"सुभेदार, डाव्या बुटात..."

"चामडं हाय. म्हाईत हाय."

"कवापास्नं?"

"पयल्याच दिशी. गिरणीपास्नं घरापतोर मला बी खरंच वाटलं गड्या, पाय बरा झाला. हितं आलो, बूट काढलं, अन् झालो लंगडा. घरात काय बूट घालून फिरतो व्हय मी?"

तात्याबाला स्वतःच्या अकलेची कीव आली. जन्मभर माणसांच्या पायाकडे बघत आला, पण माणूस घरी गेल्यावर पायताण काढतो एवढं काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मग बोलला का न्हाई?"

"लोकांम्होरं बढाई मारून बसलो हुतो, ती परत कशी घेऊ? अन् तू इतक्या मनानं लपवत हुतास. म्हटलं, असू दे." सुभेदार जरा घुटमळले. "आणिक एक सांगू? चामडं जरा जास्त जाड हाय. डावा उंच व्हायचा, कंबर धरायची. मी उजव्यात पुठ्ठा घालून चालायचो. तुज्याकडं आणताना तेवढा काढायचो."

म्हणून तळ सारखे झिजत होते. इतक्या वर्षांचा अभिमान एका पुठ्ठ्यानं उतरवला. तात्याबाचे कान तापले. आपण या माणसाला जपत होतो आणि हा माणूस आपल्याला, हे कळल्यावर त्याला काय करावं सुचेना. मग त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं.

"बसा खाली," तो म्हणाला. "पाय आणा हिकडं."

"आरं, उद्या गाडी हाय तुजी."

"गाडी उद्या हाय. पाय आणा."

त्यानं सुभेदारांचा डावा पाय दोन्ही हातांत घेतला. बुटात तो वर्षानुवर्षं सांभाळला होता, हात आज लागला. टाच कोमट होती, घोट्यावर जुन्या जखमेचा वळ होता. त्यानं सुभेदारांना उभं केलं, टाचेखाली चामड्याचे पातळ तुकडे एकेक सरकवले आणि दर वेळी विचारलं, "आता?" खांदे सारखे झाले तेव्हा थांबला. मग बुटातलं जाड चामडं काढून रापीनं तासायला बसला. हात कापत होता म्हणून सुभेदारांनी बूट घट्ट धरून ठेवला.

बूट चढवून सुभेदार अंगणात गेले आणि तुळशीपासून गोठ्यापर्यंत चालले. नालांचा ठोका दगडी फरशीवर सारखा पडत होता. तात्याबा पायांकडे बघत नव्हता. सुभेदारांच्या तोंडाकडे बघत होता.

"सांगलीचा पत्ता देऊन जा," सुभेदार म्हणाले. "आषाढात येतो."

"देतो की," तात्याबा पिशवी खांद्याला लावत म्हणाला. "पर फुडल्या खेपंला टोचलं, तर सांगायचं."