रेल्वेगीताचे चौथे कडवे

किसनभाऊ गेल्याचे वृत्त घेऊन त्यांचा मुलगा विलास आला, तेव्हा मी पूजेत होतो. बाहेर आलो तो हा पायरीवर बसलेला. "गुरुजी, दादा गेलं..." एवढेच बोलला. त्याच आठवड्यात ते देवळात माझ्याशेजारी बसून गेले होते. ती भेट आठवली की आजही मान वर होत नाही.

आमच्या पिंपळवंडीला रेल्वे नाही. साऱ्या जुन्नर तालुक्यात नाही. किसनभाऊ मात्र तळेगावात खोली करून खडकीच्या कारखान्यात वर्षानुवर्षे लोकलने जात-येत राहिले. नव्वदच्या दशकातली ती वर्षे. सुटीला एसटीने गावी येत, आणि भजन आटोपले की जेवणाचा रिकामा डबा मांडीवर पालथा घालून, त्यावर गाडीचा ठेका धरून, स्वतः रचलेले गाणे म्हणत:

येते येते म्हनती गाडी, फलाटावरच उभा ऱ्हायलो;
चढलो तवा नवरदेव मी, उतरलो तवा आजा झालो!

जन्मात लोकलमध्ये न बसलेली माणसे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. "अन् नवरी कुठं ऱ्हायली, भाऊ?" कुणी विचारी. "ती मागल्या गाडीनं येतीय म्हनं!" त्यांच्या पत्नी सगुणावहिनी पदराआड हसत. मीही हसे. वेदपाठशाळेत एकेक ऋचा घोकून मुखोद्गत केलेल्या मला त्यांची तिन्ही कडवी मात्र न घोकताच पाठ झाली होती.

ते निवृत्त होऊन गावी परतले. पुढे आपल्या भागातून रेल्वे जाणार, अशी बोलणी पुन्हा सुरू झाली. त्या अखेरच्या भेटीत प्रवचन संपल्यावर ते हळूच जवळ सरकले. "गुरुजी, चौथं कडवं केलंय. आपल्या गावच्या गाडीचं. सगुणीलाबी अजून ऐकवलं न्हाई." त्यांनी गुडघ्यावर ठेका धरून ते म्हटले. मी मान डोलावली. मनात मात्र दुसऱ्या दिवशीच्या श्लोकाचा अन्वय चालला होता. "उत्तम," मी म्हणालो. त्यांना केवढा आनंद झाला! "लई बेस. तुमच्या ध्यानात ऱ्हाईलच. आता मला ल्ह्यायचं काम न्हाई."

दहाव्याला कुकडीच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. विलासने आईला सांभाळण्याचा शब्द दिला, भावकीने हात जोडले. कावळे झाडावरून हलेनात. गर्दीतून कुणी पुटपुटले, "हितंबी भाऊंची गाडी लेटच." तेव्हा सगुणावहिनी माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, तेंचं गाणं म्हना. चौथं कडवं तुमच्यापाशीच हाये, असं घरी सांगत व्हते."

मी आरंभ केला. नदीकाठी, सोवळ्यात, लोकलचे गाणे. त्याची मला लाज वाटली नाही. तीन कडवी अस्खलित म्हटली. पुढचा ठेका हातात आला, पण ओठांवर शब्द नव्हता. एकही नव्हता. सारा घाट माझ्या मुखाकडे पाहत होता... आणि त्या शांततेत एक कावळा उतरून पिंडाला शिवला.

"गुरुजींनी म्हनलं म्हनून शिवला!" लोक म्हणाले. काहींनी वाकून नमस्कारही केला. त्या नमस्काराइतके ओझे मी आयुष्यात उचललेले नाही. वहिनी मात्र माझ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या.

चार दिवसांनी त्या तो डबा घेऊन घरी आल्या. मी म्हणालो, "वहिनी, मी ऐकलेच नव्हते हो." त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. वाजवत जावा."

डबा आता देवघराशेजारच्या फळीवर आहे. संध्याकाळी विष्णूची सहस्र नामे एकही न चुकता म्हणून होतात. नंतर मी तो मांडीवर पालथा घालतो. तीन कडवी होतात, आणि चौथ्याच्या जागी नुसता ठेका वाजत राहतो. कुंपणापलीकडून जाताना वहिनी क्षणभर थांबतात, कान देतात, आणि काही न विचारता पुढे जातात.