रिकाम्या काट्यावरचं शून्य

"म्हातारानी वायर उपटी टाकी व्हई," खिडकीबाहेर उभा असलेला ट्रॅक्टरवाला शेजारच्याला म्हणाला.

"रोज काढस, रोज लावस. तिले भी कटाळा उना व्हई," शेजारचा म्हणाला आणि दोघं हसले.

मंगळवारची सकाळ होती. मी काट्याच्या केबिनमध्ये त्याच वायरकडे बघत बसले होते. ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ते आबा माझ्या शेजारीच स्टुलावर बसून कागदावर वजन लिहीत होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी आकडा पूर्ण केला, खाली रेघ ओढली आणि चिठ्ठी खिडकीतून बाहेर दिली.

सारंगखेड्याच्या रस्त्यावर माझ्या काकांचा वजनकाटा आहे. कापसाचे ट्रॅक्टर आणि केळीच्या गाड्या आधी आमच्याकडे येतात, मग पुढे जातात. आबा आमचे नातेवाईक नाहीत, पण काटा सुरू झाल्यापासून त्या स्टुलावर तेच बसतात. गाडी लोखंडी फळीवर आली की खिडकीतल्या डब्यावर लाल आकडे उमटतात. तेच आकडे एका वायरीतून कॉम्प्युटरमध्ये जातात आणि चिठ्ठी छापून येते. कॉम्प्युटरमध्ये वजन हाताने टाकता येत नाही. ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे, म्हणून तर छापील चिठ्ठीवर सगळ्यांचा विश्वास असतो.

एका पावसाळ्यात वीज पडली आणि त्या वायरीतून येऊन जुना कॉम्प्युटर जळाला. तेव्हापासून आबा रोज संध्याकाळी वायर काढतात, धोतराच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून खणात ठेवतात आणि सकाळी पुन्हा लावतात. बारा महिने, आभाळ निरभ्र असलं तरी.

त्यानंतर आणलेला कॉम्प्युटर चांगला होता, पण आता तोही जुना झाला होता. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमला यापुढे सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, अशी सूचना रोज पडद्यावर यायची. लोणखेड्याच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकते, म्हणून काका म्हणाले, "तूच टाक ना नवी सिस्टिम." मी मान हलवली. माझं बहुतेक बोलणं मान हलवण्यातच होतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, वर्गात मराठी बोलायला बंदी. घराबाहेरची अहिराणी मला सगळी कळते, पण तोंड उघडलं की कोणीतरी हसेल असं वाटतं. त्यामुळे मी ऐकते.

रविवारी काटा बंद असतो. आबांनी माझ्यासाठी येऊन वायर लावून दिली आणि बाहेर बाजेवर बसून राहिले. नवी सिस्टिम टाकायला दुपार गेली. मग मी चिठ्ठ्यांचा प्रोग्राम उघडला, तो उघडला. प्रिंटरवर एक कागद काढला, तो निघाला. वजनाच्या चौकटीत शून्य दिसत होतं. काटा रिकामा होता, लाल आकड्यांतही शून्यच होतं. मी काकांना फोनवर संदेश पाठवला की सगळं चालू आहे. संध्याकाळी आबांनी वायर काढून खणात ठेवली.

सोमवारी पहिला ट्रॅक्टर फळीवर चढला. लाल आकडे धावले आणि थांबले. कॉम्प्युटरमध्ये शून्य. दुसरा ट्रॅक्टर, तरी शून्य.

"काल पोरीने सगळं तपासलं होतं," काका आबांना म्हणाले. "आज सकायमा तुम्ही काय करं?"

"रोजनामायकच लाई व्हती," आबा म्हणाले. रोजच्यासारखीच.

दुपारी मी एकटी असताना जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. वायरीच्या नावापुढे पिवळा त्रिकोण होता. वायरीच्या टोकाला एक चिप असते. कॉम्प्युटरने तिच्याशी बोलावं म्हणून एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नव्या सिस्टिमने स्वतःहून नवा ड्रायव्हर घेतला होता आणि त्या नव्याला ही जुनी चिप चालत नव्हती. रविवारी दिसलेलं शून्य काट्यावरून आलेलंच नव्हतं. चौकट रिकामी असली की प्रोग्राम शून्यच दाखवतो. मी केबिनबाहेर जाऊन माझी स्कूटी जरी फळीवर उभी केली असती तरी ते तेव्हाच कळलं असतं.

हे मला सोमवारी दुपारीच कळलं. मी बोलले नाही. आधी दुरुस्त करू, मग सांगू, असं मनाला समजावलं.

मंगळवारी आबा दिवसभर हाताने चिठ्ठ्या लिहीत राहिले. कापूस घेणाऱ्या जिनिंगवाल्यांनी त्या घेतल्या नाहीत. गाड्या हायवेवरच्या काट्यावर वळू लागल्या. एक जण खिडकीशी येऊन आबांना म्हणाला, "आबा, तुमनावर भरोसा शे, पन कागदवर नही." तो चेष्टेत बोलला, पण आबांनी त्यानंतर चहा घेतला नाही. संध्याकाळी काका त्यांना शांतपणे म्हणाले, "आते वय व्हयनं, आबा. तुम्ही गेटवर बसा. काटावर दुसरा माणूस देखू."

आबांनी मान डोलावली. काका गेल्यावर त्यांनी वायर काढली, फडक्यात गुंडाळली आणि मला विचारलं, "बेटा, तुले कॉम्प्युटरमधलं समजस. मी कोठे चुकनू ते सांग."

मी म्हटलं, "बघते."

घरी जाऊन मी परदेशातल्या अनोळखी लोकांनी लिहिलेली उत्तरं वाचत बसले. याच वायरीने कितीतरी लोकांना छळलं होतं. उपाय साधा होता. ड्रायव्हर कॉम्प्युटरला निवडू द्यायचा नाही. आपणच यादी उघडून जुनी आवृत्ती निवडायची.

बुधवारी सकाळी आबांनी वायर लावली, मी यादी उघडली. तीन आवृत्त्या होत्या. सगळ्यात जुनी निवडली. त्रिकोण गेला. चौकटीत शून्य होतं आणि या वेळी मी त्यावर विश्वास ठेवला नाही.

"आबा, फळीवर काहीतरी ठेवायला हवं," मी म्हटलं.

गाडी एकही आत नव्हती. गेटजवळ कालचेच ट्रॅक्टरवाले थांबून तमाशा बघत होते. आबा उठले, चपला केबिनपाशी काढल्या आणि एवढ्या मोठ्या फळीच्या मधोमध जाऊन सरळ उभे राहिले. लाल डब्यावर पन्नास उमटलं. एका क्षणाने कॉम्प्युटरवरही पन्नास उमटलं.

"पन्नास," मी खिडकीतून म्हटलं.

"आबाले कापूसमा धरी ल्या," एक जण ओरडला.

"ओला शे का कोरडा, ते देखा पहिले," दुसरा म्हणाला. आबाही हसले.

हसण्याचा आवाज ऐकून काका आले. त्यांनी पडद्यावरचा आकडा पाहिला, एक ट्रॅक्टर वर घ्यायला लावला आणि छापील चिठ्ठी हातात घेऊन सगळ्यांना दाखवली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून गेटकडे बघत म्हणाले, "म्हातारानी बिघाडं, पोरनी सुधारं. शिकेल माणूस घरमा पाहिजे."

ट्रॅक्टरवाल्यांनी माना हलवल्या. आबा फळीवरून उतरून चपला पायात सरकवत होते. त्यांनीही मान हलवली. ते खरंच तसं मानत होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आपल्याच हातून काहीतरी झालं असणार, हे त्यांनी दोन दिवसांत स्वतःला पटवून दिलं होतं.

"वायर आता हीच सांभाळेल," काका म्हणाले. "आबा, तुमची खुर्ची गेटवर टाकायला सांगतो."

मी उठून उभी राहिले. आवाज फार मोठा निघाला नाही, पण खिडकी उघडी होती आणि बाहेरच्यांनाही ऐकू गेला.

"काका, आबांनी काही बिघडवलं नव्हतं. रविवारी मी रिकाम्या काट्यावर बघून सगळं चालू आहे म्हणून सांगितलं, ती चूक माझी. सोमवारीच मला कळलं होतं आणि मी गप्प बसले. आबांना इथून उठवू नका."