हक्क अबाधित राखून

अहेरीतील आमच्या गल्लीत रोज पहाटे, माझी कोणतीही पूर्वसंमती न घेता, माझे नाव परमेश्वरापुढे मोठ्याने उच्चारले जात असे. उच्चारणाऱ्या होत्या रूथबाई, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्यांची आणि माझी भिंत एक. अंगणातल्या सीताफळाखाली उभ्या राहून त्या प्रार्थना करीत, आणि ती कुजबुज नव्हे! वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला हाका मारण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांचा तो आवाज होता. गल्लीतले प्रत्येक घर त्याच्या दुखण्यासकट देवापुढे जाई. "देवा, कोपऱ्यावरच्या शांताच्या सुनेले सुखरूप मोकळी कर. अन् माह्या शेजारच्या भाऊचा राग जरा उतरव, बीपी लई वाढून राह्यला त्याचा."

माझा रक्तदाब, आणि असा चव्हाट्यावर! न्यायालयात अधीक्षक म्हणून मी उभे आयुष्य काढलेले. त्याच दिवशी मी रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडली, की माझी वैयक्तिक माहिती त्रयस्थ पक्षास कळविणे तत्काळ थांबवावे.

नोटीस मिळताच रूथबाई ती घेऊन माझ्याच दारात हजर. "भाऊ, चष्मा फुटला माहा. काय लिवलं हाये, वाचून द्या न."

नोटीस देणाऱ्यानेच ती वाचून दाखवावी असे कोणतीही संहिता सांगत नाही. तरीही मी वाचली, आणि आवाजात योग्य ते चढउतार राखून वाचली. बाई शेवटपर्यंत मान डोलावत होत्या.

"मस्त लिवलं. पन हा त्रयस्थ कोन, देव? अहो, तो त घरचाच हाये. अन् पायाले काय झालं? लंगडून काऊन राह्यले?"

टाचेची जखम मी कोणालाच दाखवली नव्हती. रूथबाईंनी नोटिशीची घडी कमरेला खोचली, माझ्याच गॅसवर पाणी तापवले आणि जमिनीवर बसून माझा पाय मांडीवर घेतला. जखम भरेपर्यंत त्या रोज आल्या. रोज मी विचारी, "माझ्या नोटिशीचे उत्तर?" रोज त्या पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणत, "हेच त देऊन राह्यली मी."

एकदा मी त्यांना स्पष्टच विचारले, "देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करा, असे तुम्ही उठता बसता म्हणता. शेजारी या संज्ञेची व्याख्या काय? सामाईक भिंतवाला, की गल्लीतला, की तालुक्यातला?"

"ज्याच्या दारापुढून जातानी तोंड फिरवावं वाटते, तो शेजारी," त्या म्हणाल्या. "देवावर प्रीती सोपी हाये, भाऊ. तो कुठी नाली तुंबवते?"

हा टोमणा होता! समोरचे शिंपी रहीमभाई यांनी नालीवर दुकानाचा ओटा बांधला आणि सगळे सांडपाणी माझ्या अंगणात वळले. मी नगरपंचायतीकडे अर्ज केले, स्मरणपत्रे पाठवली, आणि रहीमभाईंशी बोलणे कायमचे बंद केले. त्यावर दुसऱ्या पहाटे सीताफळाखालून काय ऐकावे? "देवा, भाऊचा अर्ज मंजूर कर. अन् रहीमभाऊचा ओटा बी राहू दे, पोट हाये त्याचं त्याच्यावर."

मी भिंतीवरून ओरडलो, "रूथबाई, या मागण्या परस्परविरोधी आहेत! एकाच अर्जात दोन्ही मंजूर होऊच शकत नाहीत!"

"खालच्या कोर्टात नाई होत, भाऊ. मी वरच्या कोर्टात टाकलं!"

समोर रहीमभाई मोठ्याने हसले. मग बाई तेलुगूत शिरल्या. माहेर तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंचाचे, त्यामुळे देवाशी भांडायची भाषा ती. त्या भांडणातले मला फक्त माझे नाव कळले.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या घशात गाठ निघाली. चंद्रपूरला नेले; तिथून नुसती औषधे देऊन परत पाठवले. खाट त्यांनी हट्टाने सीताफळाखाली टाकून घेतली. पहिल्या पहाटे त्यांनी तोंड उघडले आणि नुसता वारा बाहेर आला. पुन्हा प्रयत्न केला. मग त्यांनी भिंतीकडे, माझ्याकडे पाहिले. ती नजर मी न्यायालयात अनेकदा पाहिली आहे. वकील आला नाही म्हणून ज्याचे प्रकरण गैरहजेरीत निकाली निघणार, त्या पक्षकाराची ती नजर असते.

मी ख्रिस्ती नाही. देवळातसुद्धा ट्रस्टचे हिशेब पाहिल्याशिवाय मी हात जोडत नाही. परंतु अख्ख्या गल्लीचे प्रकरण माझ्यादेखत गैरहजेरीत निकाली निघावे? शक्य नाही! मी भिंतीशी ताठ उभा राहिलो. "माननीय परमेश्वर यांस, सविनय अर्ज ऐसाजे..." एकेक घर मी घेतले. शांताबाईंची सून आणि तिचे बाळ, वळणावरच्या मास्तरांचा दमा, सगळे. "येणेप्रमाणे अर्ज समाप्त," मी म्हणालो.

रूथबाईंनी बोट वर केले. एक नाव राहिले होते, आणि ते अनवधानाने राहिलेले नव्हते, हे त्या जाणून होत्या. बोट समोरच्या दाराकडे वळले. तिथे रहीमभाई गळ्यात टेप घालून उभे होते. ते खाली येईना. तेवढ्या श्रमानेही त्यांना धाप लागली होती.

"तसेच," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "नालीसंबंधीचे माझे सर्व हक्क अबाधित राखून, समोरील रहीमभाई यांच्याकरिताही हा अर्ज आहे. हल्ली ते सुईत दोरा ओवताना सुई डोळ्याला लावतात. त्यांची नजर शाबूत राहावी."

बोट खाली आले. बाईंचे खांदे हलत होते; त्या आवाजाविना हसत होत्या. रस्त्यापलीकडून रहीमभाई म्हणाले, "आमीन."

त्यानंतर थोड्याच दिवसांत रूथबाई गेल्या. शवपेटी आम्ही दोघांनी पुढून धरली, एका बाजूला ते, एका बाजूला मी. पहाटेचा अर्ज मी चालू ठेवला आहे. नालीचे प्रकरण अद्याप प्रलंबित असून ताजे स्मरणपत्र रवाना झाले आहे. रूथबाई 'आमेन' म्हणत, 'आमीन' नव्हे, हेही मी रहीमभाईंच्या निदर्शनास आणले. ते म्हणाले, "भाऊ, ऊपर दोनों चलता है."

परवा मला ताप होता. पहाटे उठता आले नाही. गल्ली गप्प असेल या विचाराने तळमळत पडलो होतो, तोच समोरून खणखणीत आवाज आला: "या अल्लाह, सामनेवाले भाऊ का बीपी जरा उतार दे. उनका अर्ज भी मंजूर कर, और मेरा ओटा भी रख!"

माझी कोणतीही पूर्वसंमती न घेता! नोटिशीचा मसुदा तयार आहे. रहीमभाईंना आता बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा वाचून दाखवायला मी स्वतःच जाणार आहे.