खोकडाची उडी

रस्त्याच्या कामात माळावरचं एक बीळ उकरलं गेलं आणि खोकडाचं, म्हणजे माळावरच्या छोट्या कोल्ह्याचं, पिल्लू आमच्या घरी आलं. मुठीएवढं, धुरकट रंगाचं. वनरक्षक म्हणाले, "जरा मोठं होईतो सांभाळा, मग माळावर सोडू." सासूबाईंनी कापसाच्या बोळ्यानं त्याला शेळीचं दूध पाजलं. हळूहळू ते त्यांच्या मागेमागे घरभर फिरू लागलं, आणि आम्हाला वाटलं, झालं हे आपलं.

एका सकाळी अंगणात खेळता खेळता ते एकदम थांबलं. डोकं तिरकं झालं, दोन्ही कान कडब्याच्या ढिगाकडे वळले. आम्हाला तर काहीच ऐकू येत नव्हतं. मग ते हातभर उंच उडालं, हवेतच कमानीसारखं वाकलं आणि नाक खाली करून ढिगात शिरलं. बाहेर आलं तेव्हा तोंडात उंदीर होता.

सासूबाई सूप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "अगं, यानं आई नीट पाहिलीसुद्धा नाही. मग हे शिकवलं कुणी?"

दूध आमचं होतं, ऊब आमची होती. पण ती उडी आमच्या घराहून, गावाहूनही जुनी होती. एवढ्याशा अंगात ती कुठं मावली असेल?

पुढच्या आठवड्यात वनरक्षकांबरोबर आम्ही माळावर गेलो. पिल्लू गवतात शिरलं, दिसेनासं झालं. सासूबाईंनी तेव्हा डोक्यावरून पदर घेतला, कुणी थोर माणूस समोर आल्यावर घेतात तसा.