नडगीवरची बाटली

हिंगोलीत मी खेळाडूंची डॉक्टर आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्या पायांकडे बघतात. बाई स्वतः काही खेळत असतील, अशी त्यांची समजूत होते. मग नजर पोटावर येते आणि समजूत तिथेच संपते. माझं मुख्य काम तातडीच्या विभागात. अपघात, साप, विंचू, छातीत दुखणं, झाडावरून पडलेली माणसं. त्याच्या जोडीला मी खेळातल्या दुखापतींचं शिक्षण घेतलं. दुसऱ्या कामाचा इथे कोणाला पत्ता नाही, आणि पहिल्याबद्दल लोकांचं मत असं की ज्याच्याबरोबर जास्त माणसं आली तो जास्त तातडीचा.

मी शिरड शहापूरच्या शाळेत शिकले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. शाळेतल्या एका बाईंनी मला सुट्टीच्या दिवशी घरी बोलावून गणित शिकवलं, वर जेवू घातलं. पुढे सरकारी वसतिगृह मिळालं म्हणून मी डॉक्टर झाले. मला शिकवणाऱ्या प्रत्येक माणसाचं ऋण मी मानते. म्हणूनच शिकवण्याचं सोंग करणाऱ्यांची मला किळस येते, आणि ती लपवायला मी अजून शिकलेले नाही.

सुरुवातीला मी उत्साहाने कबड्डीच्या सामन्यांना जायची. मला मंचावर, पाहुण्यांच्या रांगेत बसवत. शाल, नारळ, गुच्छ. खाली एखादा खेळाडू गुडघा धरून लोळत असायचा आणि माईकवरून माझा परिचय चालू असायचा. मी उठायला लागले की संयोजक हात धरून म्हणायचा, "बसा मॅडम, बसा, स्प्रे मारून राहिले ना पोरं." तो थंड वाफेचा स्प्रे इथलं सर्वांत मोठं औषध. गुडघा निखळला, स्प्रे. डोकं आपटलं, स्प्रे. एकदा चक्कर येऊन पडलेल्या पंचाच्या पँटवर मारला. दोन वर्षांनी मी जाणं सोडलं. माझी जागा रिकामी राहिली नाही. आता तिथे कृषी सेवा केंद्राचे मालक बसतात आणि कोणाचंही काही अडत नाही.

माझे खरे खेळाडू पहाटे रस्त्यावर पळणारे. पोलीस भरतीची पोरं-पोरी. नांदेड रोडला, नरसीच्या रस्त्याला, औंढ्याकडे, कुठेही बघा, डांबरावरून ओळीने पळत असतात. त्यांच्या मागे मोटारसायकलवर बसून शिट्टी फुंकणारा जो माणूस दिसतो, तो सर. त्याची अकॅडमी असते. अकॅडमी म्हणजे पत्र्याचं शेड, एक टायर, एक दोर आणि चौकात लावलेला फ्लेक्स.

मी ज्या सरांबद्दल लिहिते आहे ते स्वतःला माजी सैनिक म्हणवतात. पलटण दर वर्षी बदलते. त्यांच्या अकॅडमीत एक रीत आहे. पळून पळून नडगी दुखायला लागली की तिथे तेल लावायचं आणि वाळू भरलेली काचेची बाटली दाबून वरखाली फिरवायची. दोघांनी पाय धरायचे, तिसऱ्याने बाटली फिरवायची. ज्याची नडगी दुखते त्याचं हाड पक्कं होतंय, असा सरांचा सिद्धांत. त्यामुळे ज्याला दुखतं त्याला दोन राउंड जास्त. जो रडत नाही तो तयार झाला. एखादा मोडलाच, तर तो मुळात कच्चा होता. हा सिद्धांत कधीच चुकू शकत नाही, कारण चुकलेली पोरं तोपर्यंत घरी गेलेली असतात.

एका सकाळी सर एका मुलीला घेऊन माझ्याकडे आले. बरोबर तिची आई. आखाडा बाळापूरजवळच्या एका तांड्यावरची माणसं. आई अंगणवाडीत मदतनीस. मुलगी बावीसेक वर्षांची, काटक, आणि डावा पाय जमिनीवर टेकवताना श्वास रोखणारी. बाराव्या दिवशी तिचं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी होती. आठशे मीटर.

"मॅडम, दुखायचं थांबायला एक इंजेक्शन द्यायचंय फक्त," सर उभ्यानेच म्हणाले. "ग्राउंडच्या दिवशी सकाळी. तवर गोळ्या चालू ठेवू."

"कोणी ठरवलं?"

"मीच. दर भरतीला देऊन राहिलो आपण."

मी मुलीला टेबलावर बसवलं. नडगीच्या पुढच्या बाजूला, मधोमध, एका बोटाइतक्या जागेवर दाबलं तर तिने टेबलाची कड पकडली. कातडीवर बाटलीचे निळे डाग होते. तिला डाव्या पायावर उडी मारायला सांगितली. तिने उडी मारलीच नाही. खाली बघत राहिली.

"मार ना बे," सर ओरडले. "काहून लाजून राहिली?"

"सर, तुम्ही बाहेर बसा."

"मी कोच हाय, मॅडम."

"म्हणून सांगते आहे."

ते बाहेर गेले नाहीत. दाराला टेकून उभे राहिले. एक्स-रे काढला. त्यात काही दिसलं नाही. सरांनी तो उजेडाकडे धरला, उलटा, आणि म्हणाले, "फोटो क्लिअर हाय! बघा मावशी, हाड एकदम बराबर हाय. मॅडम उगाच घाबरवून राहिल्या."

हाडाला पडलेली बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही, आणि नडगीच्या पुढच्या बाजूची चीर सर्वांत वाईट. ती भरायला महिने घेते आणि पळता पळता हाड पूर्ण मोडू शकतं. मी हे आईला सांगितलं. नांदेडला एमआरआय काढा, तोवर पाय टेकवायचा नाही, असं म्हणाले. आई माझ्याकडे बघायची, मग फोटोकडे बघायची. फोटो माझ्या विरुद्ध होता.

"मॅडम," सरांनी आवाज खाली आणला, समजुतीचा केला. "तुमी शिकलेल्या. पण ग्राउंडचं तुमाला काय माहीत? दुखणं तर मनात असतंय. हिच्या वयाला मी बंदूक घेऊन बर्फात पळलो."

"गेल्या वर्षी वाळवंट होतं."

मुलगी खुदकन हसली. मग तिने पहिल्यांदा तोंड उघडलं. "मॅडम, तुमी असत्या तर पळल्या असत्या का?"

खोटं बोलणं सोपं होतं. बारावीच्या परीक्षेला मी टायफॉइडच्या तापात बसले होते. पेपर लिहून बाहेर आले आणि पायरीवर पडले. त्या वेळी मला कोणी अडवलं असतं तर मी त्या माणसाचं तोंड बघितलं नसतं.

"पळाले असते," मी म्हणाले. "आणि मूर्खपणा केला असता."

"मंग?" सर खूश झाले. "ऐकलं ना मावशी? अन् काही झालंच तर मी हाय ना. जबाबदारी माझी. शंभर टक्के माझी."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून आधीही ऐकलं होतं. या वेळी मी टेबलावरचा कोरा केसपेपर पुढे केला. "मग लिहून द्या. मॅडमनी नको म्हटलं होतं, मी पळवतोय, हाड मोडलं तर उपचार आणि पुढचं सगळं माझ्याकडे. खाली सही."

"सही कशाला लागते?"

"आम्ही आईची घेतो. प्रत्येक वेळी. आज तुमची."

सरांनी पेन घेतलं. टोपण काढलं. टोपण लावलं. खिशातला मोबाइल काढून बघितला, कोणाचाही फोन आला नव्हता. मग म्हणाले, "त्याचं काय हाय मॅडम, अकॅडमीच्या शिक्क्याबिगर माझी सही चालत न्हाई. अन् शिक्का तर शेडवर हाय."

मावशी आतापर्यंत खुर्चीच्या टोकावर बसून होत्या. तोवर त्यांनी नोंदणीच्या चिठ्ठीवर सही केली होती, एक्स-रेसाठी केली होती, अकॅडमीच्या फॉर्मवर तर न वाचता केली होती. त्या खुर्चीत मागे सरकून नीट बसल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "शिक्का घेऊन या ना. आमी बसतो इथंच."

"मावशी, आता..."

"व्हय, बसतो. कितीबी वेळ लागू द्या. पोरगी माझी हाय, मी बसते. तुमी जाऊन या."

सर गेले. मोटारसायकलचा आवाज आला. ते परत आले नाहीत. दुपारचे दोन वाजले तेव्हा मावशी उठल्या, पदर खोचला आणि मला विचारलं, "नांदेडला कोणत्या गाडीनं जाऊ?"

एमआरआयमध्ये चीर होती. मला आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते, पण झाला. पहिल्यांदा मनात आलं ते त्या माणसाचं तोंड. पोरीचा विचार त्यानंतर आला. एवढा तिरस्कार घेऊन रोज काम केलं की माणसाचं हे होतं. मी शाळेतल्या त्या बाईंकडून शिकलेली, आणि माझं पहिलं सुख हे निघालं.

मुलगी ग्राउंडला गेली नाही. कुबड्या घेऊन तपासायला आली त्या दिवशी आई बाहेर कागद गोळा करत होती. मुलगी माझ्यासमोर बसून म्हणाली, "तीन मिनिटं पळायचं होतं मॅडम."

"माहीत आहे."

"तीनच मिनिटं. तेवढं टिकलं असतं हाड. मोडलं असतं तर मंग मोडलं असतं. टायमिंग तर लागलं असतं."

मी तिला हाडाबद्दल पुन्हा सांगायला लागले. ती ऐकत नव्हती. आणि खरं सांगायचं तर टिकलं असतंही. काही जणींचं टिकतं. पुस्तकात त्यांची नोंद नसते, कारण त्या माझ्यासारखीकडे येत नाहीत. त्या सरळ कामावर रुजू होतात आणि पाय दुखला तर गप्प बसतात.

सरांची अकॅडमी जोरात आहे. त्या भरतीत त्यांची चार पोरं लागली. चौकातल्या फ्लेक्सवर चौघांपेक्षा सरांचा फोटो मोठा आहे. बाटली अजून फिरते. मी शेडवर जाऊन समजावलं, पालकांची बैठक लावली, एका तक्रारअर्जावर सहीही केली, शिक्का मारून. बैठकीला सहा पालक आले. त्यातल्या दोघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ते इंजेक्शन कुठे मिळतं.

मुलीचं हाड भरलं. पाच महिने लागले. ती आता दुसरीकडे, एकटीच सराव करते. कधी कधी ड्युटीवर येताना मला ती दिसते. डांबर सोडून कडेच्या मातीतून पळत असते, मी सांगितलं होतं तशी. पाऊल नीट पडतं, लंगडत नाही. मी गाडी हळू करते. ती मला ओळखते, आणि मान न वळवता पुढे जाते. पुढची भरती अजून निघालेली नाही. निघेल तेव्हा वयोमर्यादेआधी तिच्या हातात किती भरत्या उरलेल्या असतील, हे तिला पाठ आहे आणि मलाही.