काळ्या दोऱ्याचं बटण

अकोटला बसस्टँडजवळ आमचा फोटो स्टुडिओ होता. दादा आणि मी, दोघं भाऊ मिळून तो चालवायचो. कापसाला भाव होता तोवर लग्नाच्या अल्बमांमुळे मान वर करायला फुरसत नसायची. मग एकामागून एक हंगाम बुडाले, बोंडअळी आली, लग्नं घरच्या घरी उरकू लागली आणि आमचं गिऱ्हाईक बदललं. आता लोक तेरवीसाठी मोठा फोटो करून मागायचे. सोबत आणायचे एखादा पासपोर्ट फोटो, नाहीतर कुणाच्या वरातीतलं, गर्दीत सापडलेलं तोंड.

गेलेला माणूस बनियनवर कसा दाखवणार? म्हणून दादाने एकदा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि स्टुलावर बसून स्वतःचा फोटो काढून घेतला. त्या फोटोची एक प्रत करून मी संगणकावर तिचा गळ्यापासून वरचा भाग उडवला. पुढे ज्याचं त्याचं डोकं त्या शर्टावर बसवायचं. मान थोडी इकडेतिकडे करावी लागे, पण बसायची. शर्टाचं वरून दुसरं बटण वहिनीने काळ्या दोऱ्याने शिवलं होतं, घरात पांढरा दोरा नव्हता म्हणून. फोटोत ते स्पष्ट दिसायचं. आम्ही ते कधी दुरुस्त केलं नाही. रडणारी माणसं बटण कुठे बघतात!

आमचा संगणक फार जुना. त्यावरची सिस्टीमही जुनी झाली आणि फोटोचं नवं सॉफ्टवेअर तिच्यावर उघडेना. नवी सिस्टीम टाकायला गेलो तर पडद्यावर सरळ नकार: या संगणकावर ही चालणार नाही. मला असा संताप आला की संगणकालाच दोन द्याव्यात. वर्षभर उधारी मागायला गेलं की जो तो नाहीच म्हणत होता, त्यात याची भर.

दादा मात्र हसला. "चालत कशी नाई, पायतोच."

मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून त्याने संगणक जुना आहे का ते बघणारी सिस्टीमची तपासणीच चुकवायची युक्ती शिकून घेतली. पण त्यासाठी आधीची डिस्क पूर्ण पुसावी लागणार होती. पेनड्राइव्ह लहान. अल्बमची डिझाइनं घेतली, तो बिनडोक्याचा शर्ट घेतला आणि जागा संपली.

"दादा, तुझा अख्खा फोटो राहिला," मी म्हणालो.

"माया फोटो कोन पायते बे? शर्ट ठेव." आणि त्याने डिस्क पुसली.

सिस्टीम चालली. म्हणजे कुथत चालली. संगणकाचा आवाज गेला तो परत आलाच नाही, छापलेले चेहरे निळसर यायचे आणि दर अपडेटनंतर पडदा काळा व्हायचा. मग दादा टेबलाखाली शिरायचा, वायर काढायचा, लावायचा, काहीतरी दाबायचा आणि यंत्राला पुन्हा उठवायचा. मला ते कधी नीट जमलं नाही.

पुढे दादाच्या किडन्या गेल्या. आमच्या भागातल्या खाऱ्या पाण्याने जातात म्हणे. डायलिसिससाठी अकोल्याच्या खेपा सुरू झाल्या. तिथे पलंगावर पडल्या पडल्या तो फोनवरून सांगायचा, "वायर काढ. बटन दाबून धर. आता लाव." एकदा भेटायला गेलो तर हाताला लावलेल्या नळ्यांकडे पाहत म्हणाला, "मले बी आपल्या कॉम्प्युटरवानीच चालवून राहिले हे लोक." मला हसू आलं नाही. त्याचं तोंड सुजून ओळखू येईनासं झालं होतं.

तो गेला, आणि तेरवीला फोटो हवा होता.

सगळ्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्या माणसाचा फोटो नव्हता. लग्नातले होते, पण बाशिंग बांधलेला पोरसवदा नवरदेव तेरवीला कसा ठेवणार? आधार कार्डावर नुसता काळा डाग. उरला दवाखान्याच्या कार्डासाठी काढलेला, सुजलेल्या तोंडाचा. तोच घेऊन बसलो तर पडदा काळा. सवयीने मोबाइल उचलला, त्यात दादाचं नाव काढलं, आणि मोबाइल पालथा ठेवला. मग टेबलाखाली शिरलो. वायर काढली. बटण दाबून धरलं. वायर लावली. सुरू झाला.

तो चेहरा मी त्या शर्टावर ठेवला. त्याचंच डोकं, त्याचाच शर्ट, आणि बसेना. दोन्हीकडून गाल कापले, डोळ्यांखालची सूज उतरवली, निळसरपणा जावा म्हणून लाली भरली. परक्या माणसांसाठी हेच काम मी चहा पीत पीत करायचो. आज डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात माउसवर चालू होता.

फ्रेम घेऊन घरी गेलो. वहिनीने पदराने काच पुसली. मग काळ्या दोऱ्याच्या बटणावर तिने बोट ठेवलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "शर्ट त्यायचाच हाय. हे तोंड कोनाचं लावलं?"