सरांचा अंगठा

"काय गेलं?"

सर आमच्या वहीतल्या एखाद्या शब्दावर अंगठा ठेवायचे आणि चष्म्याच्या वरून बघत म्हणायचे, "आता वाच. काय गेलं?" काही गेलं नसेल तर तो शब्द खोडायचा. असा एखादा मास्तर तुमच्याही वाट्याला आला असेल. माझ्या वाट्याला हा जळगावच्या कॉलेजात आला, आणि त्याचा राग अजून माझ्या पोटात आहे.

मी धरणगावचा. सकाळी कॉलेज, दुपारनंतर जुने पंप आणि मोटारी घेणं-विकणं. भाव पाडण्यात मला कोणी हरवायचं नाही. सर मराठी शिकवायचे, पण पुस्तक कमी उघडायचे. रंगीत टीव्ही, गोबर गॅस, ठिबक सिंचन, जे नवं यायचं त्यावरची कात्रणं आणायचे आणि आम्हाला वाचून त्यावर लिहायला लावायचे.

मी ठिबकवर लिहिलं. पहिलंच वाक्य, 'खान्देशच्या शेतीत क्रांती झाली आहे.' क्रांतीवर अंगठा आला.

"कुठे पाहिलीस?"

"माहितीपत्रकात आहे, सर."

"म्हणजे विकणाऱ्याने पाहिली. तू?"

"सर, हा पण विकणाराच आहे!" मागून कोणीतरी ओरडलं. वर्ग हसला. माझं डोकं फिरलं. त्याच रविवारी गावाकडे ठिबक बसवलेल्या एका आबांच्या केळीत जाऊन उभा राहिलो, सरांना खोटं पाडायला.

आबा म्हणाले, "पानी वाचस, हाई खरं शे. पन उंदीर नळ्या कुरतडतस. ते तुन्हा कागदमा शे का?"

नव्हतं. मी निबंध पुन्हा लिहिला. क्रांती गेली, उंदीर आले. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाले, "आता हा स्वतःचं बोलला." बस, एवढंच कौतुक.

त्या अंगठ्यावर माझं दुकान उभं राहिलं. कंपनीचा माणूस पत्रक घेऊन आला की मी त्यातल्या 'अद्वितीय'वर अंगठा ठेवतो आणि म्हणतो, "आता वाच." त्याला घाम फुटतो आणि भाव खाली येतो. हे मी नाकारत नाही. पण पुढचंही ऐका.

नव्वद साल उलटलं आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले. माझी धाकटी बहीण बारावी झाली होती. वडिलांनी तिला सांगितलं, "एक वर्ष देतो. नोकरी लागली तर बघू, नाहीतर स्थळ बघणार." ती एका क्लासचं पत्रक घेऊन आली. 'एकविसाव्या शतकाचे सुवर्णद्वार! हमखास नोकरी!' आणि खाली याच शब्दांनी भरलेलं सरांचं मनोगत, नावासकट, फोटोसकट.

"भाऊ, तुझ्याच सरांनी लिहिलंय," ती म्हणाली.

मी नाव पाहिलं आणि पत्रक तिला परत दिलं.

क्लासच्या दारात चपला काढायच्या. आत दोन कॉम्प्युटर, त्यातला एक कायम कापडाखाली. मुली पुठ्ठ्यावर काढलेल्या कीबोर्डवर बोटं आपटायच्या. मशीनवर कधी बसवणार विचारलं की उत्तर ठरलेलं, "आधी थिअरी होऊ द्या, ताई." वर्ष संपायच्या आत शटर पडलं. सर्टिफिकेट नाही, काही नाही. वडिलांनी धुळ्याचं स्थळ पक्कं केलं. हळदीच्या दिवशी बहीण पाटावर बसली होती आणि तिची बोटं मांडीवर चालत होती, पुठ्ठ्यावर चालायची तशी.

लग्न उरकलं आणि मी सरांच्या घरी गेलो. पत्रक त्यांच्यासमोर टाकलं.

"अंगठा ठेवा, सर."

"अरे, बस. चहा घे."

"चहा नको. सुवर्णद्वारावर ठेवा. हमखासवर ठेवा."

त्यांनी हात मांडीवर घेतले. "जाहिरात आहे रे ती. निबंध थोडाच आहे?"

मला किळस आली. लबाड माणसाने हे लिहिलं असतं तर मी दोन शिव्या घालून विसरलो असतो. लबाडांशी माझा रोजचा व्यवहार. पण यातला एकेक शब्द पोकळ आहे, हे या माणसाला लिहिताना कळत होतं. आमच्या वह्यांतून असले शब्द वेचून फेकले, आणि ते सगळे गोळा करून माझ्या बहिणीच्या पदरात टाकले!

"क्लास जावयाचा होता," सर कपाटाकडे बघत म्हणाले. मग मान वर केली आणि आवाजात वर्गातली जुनी धार आली. "आणि तू तर पत्रक वाचलं होतंस. तू का नाही अंगठा ठेवलास?"

"खाली तुमचं नाव होतं. नावावर अंगठा ठेवायला तुम्ही शिकवलं नव्हतं, सर."

ते उठले. फाटकापर्यंत पोचवायला आले. मी मागे वळून पाहिलं नाही. नंतर बाजारात दोनदा समोर दिसले, मी रस्ता बदलला.

चार-पाच वर्षांनी सर गेले. जुने विद्यार्थी दुकानात आले. "शोकसभेत तू बोल, तू त्यांचा लाडका." मी म्हणालो, "गिऱ्हाईक आहे." दुकानात तेव्हा त्यांच्याशिवाय कोणीही नव्हतं.

ती मंडळी गेल्यावर गल्ल्यावर पेपर उघडला. सरांचा फोटो, खाली मजकूर. 'ऋषितुल्य'वर अंगठा ठेवला. काही गेलं नाही. 'ज्ञानतपस्वी'वर ठेवला. काही गेलं नाही. मग नावावर ठेवला.

वर फोटोतला माणूस चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत राहिला, वर्गात उत्तराची वाट बघायचा तसा.